परसातला वाळलेला लिंब



पाडव्याच्या सकाळी गुढीला बांधायला कडूलिंबाची डहाळी लागते. बुलढाण्यातल्या आमच्या कॉलनीत ती आमच्या परसातूनच जायची. आजूबाजूचे, मागच्या गल्लीतले, सगळे कुंपणाशी यायचे आणि मी आकडीने डहाळ्या ओढून द्यायचो. एका वर्षी आकडी वर नेली, तर खाली आली ती कडकन मोडलेली काटकी. गावातले सारे लिंब तांबूस पालवीने भरलेले आणि आमचा तेवढा उघडाबोडका.

मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या करवतवाल्याला बोलावतो." पलीकडून शेजारचे काका बोलले, "बोलाव ना बापू. पण नगरपालिकेत अर्ज टाकला काय?" मुलाला नवलच वाटलं. जागा आपली, झाड आपलं, त्यातही ते मेलेलं. मग अर्ज कशाचा?

अर्जाकडे वळण्याआधी एक गोष्ट पाहू. झाड खरंच मेलं आहे का? ज्ञानगंगा अभयारण्यातून उन्हाळ्यात जाऊन पाहा. सालई, साग, सगळं कसं खराट्यासारखं उभं असतं; पण त्याला मेलेलं कोणी म्हणत नाही. चार-पाच वेगवेगळ्या फांद्यांची आणि बुंध्याची साल नखाने खरवडा. आत हिरवी ओल दिसली तर जीव आहे, थांबा. सगळीकडे कोरडं तपकिरी लाकूड लागलं, साल आपोआप सुटू लागली, बुंध्यातून वाळवीची माती निघाली, तर आशा नाही. आमच्या लिंबाचं तसंच झालं होतं.

आता कायदा. शहरांसाठी १९७५ चा महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, शेगाव अशा नगरपरिषदांच्या हद्दीत खाजगी आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. शिक्षेत दंडही आहे आणि कैदही. अर्ज गेला की वृक्ष अधिकारी येऊन झाड पाहतात आणि झाडावर नोटीस लावतात, म्हणजे कोणाची हरकत असेल तर त्याला सांगता यावी. मात्र झाड मेलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं किंवा जिवाला धोका असणारं असेल, तर परवानगी नाकारायची नाही, असं कायदाच म्हणतो. म्हणजे मेलेल्या झाडासाठी भांडावं लागत नाही, फक्त ते मेलेलं आहे हे दाखवावं लागतं. ही तपासणी नसती, तर ज्याला गाडी लावायला जागा हवी त्याचं प्रत्येक झाड एका रात्रीत 'मेलेलं' ठरलं असतं! २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, त्यामुळे जुन्या झाडांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. खेड्यात १९६४ चा वेगळा कायदा लागतो. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन अशी ठरावीक झाडं त्याच्या यादीत आहेत.

दुसरा भाग सोसायटीचा. आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत. ती सांगतात, की तिथे पुष्कळ वसाहतींत घराच्या खरेदीखतालाच वसाहतीच्या अटी जोडलेल्या असतात. मागच्या आवारातलं वाळकं झाड काढायचं तरी रहिवाशांच्या समितीला विचारायचं, आणि त्या जागी कोणतं लावायचं तेही समितीच्या यादीतून. आपल्याकडे एवढं कडक नाही. पण गृहनिर्माण सोसायटीचे उपविधी असतात, ले-आउटच्या अटी असतात, भाडेपट्ट्याच्या जमिनीवर पट्ट्याच्या अटी असतात. ते कागद एकदा पेटीतून काढून वाचा. सोसायटीचं ना-हरकत पत्र म्हणजे नगरपरिषदेची परवानगी नव्हे, आणि नगरपरिषदेची परवानगी दाखवून सोसायटीचं तोंड बंद करता येत नाही. एका दाराला दोन कुलपं आहेत, चाव्याही दोन लागतात.

आता खरी अडचण ऐका. परवानगीत बहुधा अट असते, की झाड तोडल्यापासून तीस दिवसांत नवी लागवड करायची. झाड चैत्रात पाडलं, तर हे तीस दिवस ऐन वैशाखात संपतात. आपल्या जिल्ह्यातल्या वैशाखात रोप लावणं म्हणजे ते भाजायलाच ठेवणं. उलट, वाळलेलं झाड पावसाळ्यापर्यंत तसंच ठेवलं, तर वळवाच्या वादळात फांदी कोणाच्या टिनांवर जाईल सांगता येत नाही. आम्ही मधला मार्ग काढला. पाडवा झाल्याबरोबर अर्ज दिला. परवानगी हाती येताच महावितरणला सांगून परसावरच्या तारांची वीज बंद करून घेतली आणि घरावर आलेल्या फांद्या आधी उतरवल्या. बुंधा मात्र मे महिन्याच्या शेवटी पाडला. मृगाच्या सरी आल्या तेव्हा मुदत अजून शिल्लक होती.

खड्डा जुन्या बुंध्याच्या जागी घेऊ नका. तिथे कुजकी मुळं आणि वाळवी असते. पाच-सहा फूट सरका, मे महिन्यातच खड्डा करून त्याला ऊन खाऊ द्या. काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून तळाशी मुरूम घाला. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यावर नाजूक झाडं टिकत नाहीत. तिथे करंज, बोर, चिंच बरी. शोभेचा झटपट वाढणारा कोनोकार्पस लावू नका. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. परस लहान असेल तर सीताफळ, आवळा, पारिजातक लावा.

आमच्या परसावरून विजेच्या तारा गेलेल्या. तिथे पुन्हा लिंब लावणं शहाणपणाचं नव्हतं. कायदा म्हणतो, त्याच जागी किंवा दुसऱ्या योग्य ठिकाणी लावा. सोसायटीच्या सभेत विषय मांडला. परसात सीताफळ लावलं आणि लिंब गेला कॉलनीच्या खुल्या जागेत. आता डहाळीसाठी कोणाला आमच्या कुंपणाशी यावं लागणार नाही.

अजून तो कमरेइतकाच आहे, डहाळी तोडण्याजोगा नाही. उन्हाळ्यात त्याला पाणी घालायच्या पाळ्या लावल्या आहेत. मंगळवार आमचा. शेजारच्या काकांनी शुक्रवार मागून घेतला.