चंद्राची तोफ आणि दिवाळीचा बाण

खामगांव हें कापसाच्या बाजारपेठेसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. जलंबहून आगगाडीचा फांटा १८७० सालीं येथें आला, तोहि मुख्यतः कापसासाठींच. योगायोग असा कीं, कापसाच्याच बळावर चंद्र गांठण्याची कल्पना त्यापूर्वीं पांच वर्षें, १८६५ सालीं, ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकारानें मांडली होती. भा. रा. भागवतांच्या ‘चंद्रावर स्वारी’ मुळें ती कथा मराठी वाचकांस परिचित आहे.

कथेंत फ्लॉरिडाच्या भूमींत ९०० फूट लांबीची तोफ ओततात व तींत ४,००,००० पौंड कापसाची दारू ठांसतात. तीव्र अम्लांत मुरविलेला कापूस असा स्फोटक होतो. पोकळ गोळ्यांत बसलेले तिघे प्रवासी सेकंदास सुमारें ७ मैल वेगानें चंद्राकडे झेपावतात.

वेगाचा हा अंदाज अचूक आहे. पृथ्वीच्या आकर्षणांतून सुटण्यास तितका वेग हवाच. चूक आहे ती काळाची. नळी संपण्यापूर्वींच, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्शांत, सारा वेग यावयाचा! आगगाडी हिसक्यानें सुटली तरी उतारू मागें कलंडतो. येथील हिसका गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजारांहून अधिक पट. साठ किलो वजनाच्या माणसाचा भार बाराशें टनांवर जाईल. व्हर्ननें पाण्याची गादी योजिली. पण अशा भारापुढें तिचा काय पाड?

उपाय दिवाळीच्या बाणांत आहे. झोपाळ्यावर बसून सरकीचें पोतें पुढें फेंकलें, तर झोपाळा मागें जातो. बाण तसाच आपल्या पोटांतील वायु मागें फेंकतो आणि स्वतः पुढें सरतो. तो हवेला रेटून जात नाहीं. म्हणून निर्वात अवकाशांतहि चालतो. अमेरिकन संशोधक गॉडर्ड यांची याच मुद्द्यावर १९२० सालीं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रानें थट्टा केली. १९६९ सालीं, मानव चंद्राच्या वाटेवर असतां, त्याच पत्रानें चूक कबूल केली. बाणाचा वेग हळूहळू वाढतो, त्यामुळें प्रवासी सुखरूप राहतो. मात्र इंधन स्वतःच वाहावें लागतें. चांद्रयान-३ नेणारा अग्निबाण सुमारें ६४० टनांचा होता. यान चार टनांहूनहि कमी.

आतां खरी मौज पाहा. कथेच्या उत्तरार्धांत व्हर्नचे प्रवासी चंद्रावरील पतनाचा वेग कमी करण्यासाठीं जवळ बाण बाळगतात. खरें साधन हातीं होतें. त्यानें तें फक्त उतरण्याच्या कामीं योजिलें. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं भारताचें ‘विक्रम’ खालीं ज्वाला सोडीत, वेग आवरीत, चंद्रावर अलगद उतरलें, तें याच युक्तीनें.

म्हणून मुलांच्या हातून अशीं पुस्तकें काढून घेऊं नयेत. पुस्तकाबरोबर पाटी-पेन्सिलहि द्यावी, आणि म्हणावें, “बाळ, यांतील कोणता आंकडा खरा, तें तूंच पडताळून पाहा.”