केसपेपरचं कपाट आणि फायरवॉल

(सल्लाकेंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



ऑफिससाठी फायरवॉल कुठली घ्यावी, यावर मी बोलावं असं ठरलं, तेव्हा एकजण म्हणाली, "त्यातलं आपल्याला काय कळतंय? दुकानदार सांगेल ती घेऊ." कोर्टाच्या कागदांबद्दलही आपण एकेकाळी असंच म्हणायचो. वकील बघतील! मग आपणच अर्ज लिहायला शिकलो. हेही तसंच शिकता येतं.

आधी आमची चूक सांगते. आमच्या केंद्रात पूर्वी केसपेपर लोखंडी कपाटात असत आणि किल्ली ताईंच्या कमरेला. आता ते संगणकावरच्या सामाईक फोल्डरमध्ये असतात. एकत्र बैठकीसाठी नवरा, दीर, सासरे येतात, बाहेरच्या बाकावर तासभर बसतात. कुणी वाय-फायचा पासवर्ड मागितला की आम्ही देऊन टाकायचो. एक दिवस एका नव्या कार्यकर्तीने त्याच बाकावर बसून मोबाइलवर पाहिलं, तर ते फोल्डर उघडलं. घर सोडून गेलेल्या बायांचे नवे पत्ते त्यात होते. आधी कुणी ते पाहिले होते का, हे आम्हाला आजही सांगता येत नाही, कारण कसलीच नोंद होत नव्हती.

फायरवॉल म्हणजे दारावरचा राखणदार. इंटरनेटवरची माहिती लहान लहान पुडक्यांत येते-जाते. कुठून आलं, कुठे आणि कुठल्या दाराने जायचं, हे प्रत्येक पुडक्यावर लिहिलेलं असतं. राखणदार ते नियमांच्या यादीशी ताडून पाहतो. आतल्या कुणी मागवलेलं असेल तर आत सोडतो, न मागता आलेलं अडवतो.

असा एक राखणदार बहुतेक राउटरमध्ये आधीच असतो. विंडोजमध्येही 2004 पासून, म्हणजे एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, तो आपोआप चालू असतो. म्हणून खरेदीला जाण्याआधी घरचं तपासा. राउटरचा मूळचा पासवर्ड बदला. बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करा. यूपीएनपी बंद करा. त्यामुळे आतली यंत्रं आपल्याला न विचारता बाहेरची दारं उघडू शकतात. नवं फर्मवेअर भरा. वाय-फाय डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 वर ठेवा. पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' जाळं करा. घराला बहुधा एवढं पुरतं.

मग वेगळी फायरवॉल कधी घ्यायची? ऑफिसातल्या जाळ्याचे भाग पाडायचे असतील, घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनने आत यायचं असेल किंवा नोंदी हव्या असतील, तेव्हा. विकणाऱ्याला हे प्रश्न विचारा.

एक, केसपेपरचा संगणक, बाकीचे संगणक आणि पाहुण्यांचे मोबाइल वेगवेगळ्या भागांत ठेवता येतील का? दोन, सगळ्या तपासण्या चालू ठेवल्यावर वेग किती राहतो? जाहिरातीतला मोठा आकडा पुष्कळदा तपासण्या बंद ठेवून मोजलेला असतो. तीन, दरवर्षीचं लायसन किती आणि ते संपल्यावर काय बंद पडतं? तीन वर्षांचा एकूण खर्च लिहून घ्या. चार, सुधारणा किती वर्षं मिळतील? पाच, नोंदी कुठे राहतात आणि पासवर्ड कुणाकडे? तो आपल्याकडेच हवा.

पैसे नसतील तर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे फुकट मिळणारे पर्याय आहेत. दोन नेटवर्क पोर्ट असलेल्या साध्या जुन्या संगणकावरही ते बहुधा चालतात. लायसनचा खर्च नाही, पण कुणीतरी चिकाटीने शिकायला हवं.

आता राखणदाराला काय जमत नाही, तेही ऐका. आपणच फसव्या लिंकवर बोट ठेवलं, पेन ड्राइव्हमधून घाण आणली, तर तो बऱ्याचदा हतबल असतो. बाईच्या मोबाइलमध्ये नवऱ्याने पाळतीचं अॅप टाकलं असेल, तर आपल्या ऑफिसची फायरवॉल तिला वाचवत नाही. आणि आमच्या बाकावरचा माणूस तर आतच बसला होता! बाहेरच्या दारावर कितीही महागडा राखणदार ठेवला असता, तरी त्याने त्याला अडवलं नसतं.

म्हणून आम्ही आधी बाकाचं जाळं वेगळं केलं. फोल्डरला प्रत्येकीचा स्वतंत्र पासवर्ड दिला. दर सोमवारी पाळीपाळीने एकजण नोंदी वाचते. फायरवॉलचा पासवर्ड बंद पाकिटात, त्याच लोखंडी कपाटात आहे.

माझी एवढीच विनंती आहे. परत गेल्यावर आपल्या केंद्रातल्या बाकावर बसा, मोबाइल काढा आणि काय काय दिसतं ते पाहा. खरेदीचं नंतर बोलू.