परिचारिकेचा तक्ता आणि आकड्यांचे शास्त्र

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



माझ्यासारख्या सेवानिवृत्त परिचारिकेस आपण या व्यासपीठावर पाचारण केले, याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. येथून आजवर डॉक्टर बोलले, वकील बोलले. आमच्या पेशाची पाळी प्रथमच आली. विषयाचे नाव जड आहे: परिचर्येच्या संशोधनात ‘डेटा सायन्स’चा उपयोग. परंतु मला सांगावयाचे ते थोडके आहे. रुग्णाच्या उशाशी जे टिपले जाते त्यातून रुग्ण वाचविण्याचे ज्ञान निघू शकते; मात्र त्यासाठी परिचारिका आणि गणिती यांनी एकत्र बसले पाहिजे.

ही कल्पना आजची नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिवा सर्वांस ठाऊक आहे; त्यांच्या आकडेमोडीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. क्रिमियन युद्धावरून १८५६ साली परतल्यावर त्यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्याने सैनिकांच्या मृत्यूंची छाननी केली. जखमांपेक्षा कितीतरी अधिक शिपाई टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते. १८५८ साली त्यांनी हे रंगीत चक्राकृतींत मांडले. बाईंना इस्पितळ ठाऊक होते, फार यांना गणित. दोघांचे मिळून काम झाले.

आता अलीकडचे पाहू. लिंडा एकेन या परिचारिका-संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकांनी दिलेली उत्तरे आणि शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी एकत्र जुळविल्या. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण अधिक असला, की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी अधिक, असे त्यात आढळले.

हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मला एक रात्र आठवली. ती गोष्ट माझ्या कमीपणाची आहे, तरी सांगते. नोकरीचे पहिलेच वर्ष. रात्रपाळीस मी एकटी आणि खाटा चाळीस. श्वास मोजावयाचा तर घड्याळ हातात धरून मिनिटभर रुग्णाजवळ उभे राहावे लागते. पहाटे घाईघाईने तक्ते भरताना श्वासाच्या रकान्यात मी सर्वांपुढे ‘२०’ लिहिले. एका आजीबाईंजवळ मात्र मी रात्रीतून चार वेळा जाऊन आले होते. का, ते सांगता आले नसते. मन स्वस्थ नव्हते, एवढेच. सकाळी डॉक्टरांनी तक्ता पाहिला, सारे ठीक दिसले, ते पुढच्या खाटेकडे वळले. दुपारी आजी गेल्या. माझ्या चार खेपा कोठेच लिहिलेल्या नव्हत्या. तो खोटा वीस मात्र लिहिलेला होता.

तशा खेपांनाही शास्त्रात स्थान आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील परिचारिका-संशोधकांनी बोस्टनच्या सहकाऱ्यांसह ‘कन्सर्न’ नावाची संगणकीय पद्धत उभारली. परिचारिकेने किती वेळा व कोणत्या वेळी पाहणी केली, नेमापेक्षा अधिक नोंदी केल्या काय, यावरून ती पद्धत तिच्या मनातील काळजी ओळखते आणि उपचार करणाऱ्यांस सावध करते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत ७४ विभागांतील ६० हजारांहून अधिक रुग्णभरत्या होत्या. ही पद्धत वापरली तेथे मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी कमी आढळला. रुग्णालयातील मुक्कामही सुमारे ११ टक्क्यांनी घटला.

हे ऐकून उद्याच यंत्र आणावे, असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तक्ते अद्याप कागदावरच आहेत. शिवाय चाळीस खाटांमागे एकच मुलगी असेल, तर यंत्रासही खोटे वीसच मिळतील. म्हणून नोंद कशी होते, हे जाणणारी परिचारिका संशोधनात आरंभापासून हवी. तिच्याकडून केवळ कागद भरून घेऊ नयेत.

आपल्या ज्ञातीत संगणक-अभियंते पुष्कळ आहेत, परिचारिकाही थोड्याथोडक्या नाहीत. दोघे वधूवर-मेळाव्यात भेटतात, कामासाठी कधी भेटत नाहीत! परिचर्येचे उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलीस संख्याशास्त्र शिकण्यासाठी मंडळाने एक शिष्यवृत्ती ठेवावी, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीस दिली आहे. पहिल्या वर्षाची रक्कम माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. आणि ज्या अभियंत्यांस या कामात रस वाटेल, त्यांनी संगणकास हात लावण्यापूर्वी एक रात्र वॉर्डात येऊन उभे राहावे. त्याची परवानगी मिळविण्याचे काम मी पत्करते.