कोसबाडच्या अनुताई



तुमच्या वर्गात मला दोन शब्द सांगायला बोलावले आहे. मी छत्तीस वर्षे मास्तरकी केली. शेवटची नऊ वर्षे हेडमास्तर होतो. तेव्हा दोन शब्दांत आटोपणे मला जमायचे नाही, हे आधीच कबूल करतो.

आज एका शिक्षिकेची आठवण काढू. त्यांचे नाव अनुताई वाघ. मी त्यांना पाहिलेले नाही. त्यांच्याविषयी वाचले, आणि तेही उशिरा वाचले. आधी वाचले असते तर माझ्या हातून एक चूक झाली नसती. ती पुढे सांगतो.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा. गाव मोरगाव, जिल्हा पुणे. गणपतीचे मोरगाव, तेच. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांत नवरा वारला. त्या काळी अशा मुलीचे काय होत असे, ते इथल्या म्हाताऱ्या बायांना सांगायला नको. कोपरा धरायचा आणि जन्म काढायचा. अनुताईंनी पाटी धरली. परीक्षा दिल्या, मास्तरकीचे शिक्षण घेतले. १९२९ साली नाशिक जिल्ह्यात खेड्यातल्या शाळेवर शिक्षिका झाल्या. चार वर्षांनी पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत आल्या.

आता नीट ऐका, हे तुमच्याशी जुळणारे आहे. तुम्ही दिवसभर रानात राबून रात्री या वर्गाला येता. अनुताई दिवसभर पोरींना शिकवत आणि रात्री स्वतः रात्रशाळेत शिकायला जात. १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्यांचे वय होते सत्तावीस. बी. ए. तर पन्नाशी उलटल्यावर झाल्या. तेव्हा डोक्याला पांढरे केस आले म्हणून कोणी इथे लाजत असेल, तर त्याने लाजू नये.

पुण्याची नोकरी चांगली होती. पण १९४५ साली त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाई लहान मुलांच्या शिक्षणातल्या फार मोठ्या बाई. खेड्यातल्या गरिबांच्या लेकरांसाठी बालवाडी काढायची, असे त्यांच्या मनात होते. अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या. डहाणूच्या बाजूला समुद्राकाठी बोर्डी म्हणून गाव आहे. तिथे काम सुरू झाले.

बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली पोरे येईनात. का येतील? वरच्या आळीत पाऊल टाकायची त्यांच्या आईबापांनाच चोरी. मग या बायांनी काय केले? मुले येत नाहीत ना, मग आपण जाऊ. वस्तीतल्या एका घरापुढच्या अंगणात बालवाडी भरू लागली. तीच अंगणवाडी. पुढे १९७५ साली सरकारची योजना आली, तिच्यातही हेच नाव आहे. आपल्या गावात देवळामागे अंगणवाडी आहे, तिथे तुमची नातवंडे जातात. हे नाव कुठून आले, ते आज कळले ना?

पुढे दहाबारा वर्षांनी हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो सगळा वारल्यांचा मुलूख. वारली म्हणजे जंगलात राहणारे आदिवासी. पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांच्या वेठीला जुंपलेले. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि ते फेडायला नवराबायकोने धन्याच्या घरी राबायचे. अशा माणसाला तिकडे लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांबरोबर वारली याविरुद्ध उठले, तो मोठा लढा झाला. तर अशा लोकांच्या पोरांना शाळेत आणायचे होते.

अनुताई आणि त्यांच्या सोबतिणी झोपडीझोपडीला जात. पोरांना गोळा करत, आंघोळ घालत, नखे काढत, केस विंचरत. महागाची खेळणी कुठून आणणार? शिंपले, बिया, पाने, खडे, हीच खेळणी. त्यांनीच मोजायचे, त्यांच्याच माळा करायच्या.

तरी मोठी पोरे येत नसत. ती गुरांमागे असत. गुरे सोडून पोर शाळेत बसले तर घरात खायचे काय? म्हणून बाई कुरणात गेल्या. गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली बसली आहेत, गाणी म्हणताहेत, अक्षरे काढताहेत. तिला म्हणायचे कुरणशाळा.

आणि मुली? मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. आईबाप मजुरीला, बाळ बहिणीच्या कडेवर. कोसबाडला यावर तोड काढली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा. बहिणीने बाळ पाळण्यात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत बसवायचे आणि आपण शाळेत जायचे.

इथे माझी चूक सांगतो. मी एका शाळेवर हेडमास्तर असताना चौथीत एक मुलगी होती. हिशेबात हुशार. ती धाकट्या भावाला घेऊन यायची. तो रडायचा, वर्ग मोडायचा. एक दिवस मी तिला दारातच अडवले. म्हटले, "बाळाला घेऊन यायचं नाही." ती म्हणाली, "मग कुठं ठेवू, गुरुजी?" मी म्हटले, "ते तुझ्या आईला विचार." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी हजेरीपटावर महिनाभर गैरहजर लिहिले आणि मग नाव कमी केले. नियमाप्रमाणे केले. साहेबांनी तपासणीत पट चोख आहे म्हणून शेरा दिला.

शाळेच्या मागच्या पडवीत एक झोळी टांगली असती तर काय झाले असते? दोरी आणि जुने लुगडे, एवढाच खर्च. कोसबाडला ही गोष्ट कधीच सुचली होती. मला छत्तीस वर्षांत सुचली नाही.

मी रिटायर झालो तेव्हा नारळ, शाल घेतली आणि ओट्यावर बसलो. अनुताईंनी मात्र १९८२ साली, बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्यासह 'ग्राममंगल' ही नवी संस्था काढली. १९८५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९९२ सालच्या सप्टेंबरात त्या वारल्या.

आता कामाचे. ओढ्यापलीकडे वीटभट्टी लागली आहे. तिथे परमुलखातली माणसे आली आहेत. परवा मी सहज गेलो आणि पोरे मोजली. अकरा भरली. त्यांतल्या तिघींच्या कडेवर मूल होते. उद्या सकाळी आठ वाजता मी तिकडे जाणार आहे. पाट्या माझ्याकडे चार आहेत. कोणाच्या घरी जुनी पाटी पडली असेल तर आणा. एक मजबूत दोरी आणि जुने लुगडेही लागेल. सखूबाई, तुम्ही याल का बरोबर? पोरे मला भितात.