विजेच्या पिकअपवरचे फिरते घर

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सन १९६० च्या सप्टेंबर महिन्यात जॉन स्टाइनबेक हा विख्यात अमेरिकन कादंबरीकार आपला देश नव्याने पाहण्यासाठी घराबाहेर पडला. त्या वेळी त्याचे वय ५८ वर्षांचे होते. सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा आणि वाहन म्हणून एक पिकअप मोटार. या पिकअपच्या हौद्यावर लहानशी खोली बसविलेली होती. तिच्यात निजायला जागा होती, स्वयंपाकाची सोय होती आणि लिहायला मेजही होते. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्याने या वाहनाचे नाव ‘रोसिनान्ते’ असे ठेवले. या प्रवासावरील त्याचे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले.

पिकअपच्या हौद्यावर बसविलेल्या अशा खोलीस तेथे ‘कॅम्पर’ म्हणतात. अमेरिकेत ही वस्तू जुनी व परिचित आहे. शेतकरी, शिकारी, निवृत्त दांपत्ये असे अनेक प्रकारचे लोक ती वापरतात. आता मात्र पिकअपच विजेवर चालू लागली आहे. जुन्या खोलीला नव्या वाहनावर बसवायचे, तर काय काय बदलावे लागते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी तेथे काही छोट्या नवोद्योगी कंपन्या पुढे आल्या. त्यांच्या खटपटीची हकीकत महाराष्ट्रातील ग्रामीण उद्योजकास आणि त्याला मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्त्यासही उद्बोधक वाटेल.

दोन कंपन्या, दोन मार्ग

टेस्ला कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सायबरट्रक’ या विजेवरील पिकअपचा नमुना लोकांपुढे मांडला. त्यावर बसविण्याजोगा कॅम्पर तयार करण्याचे काम नेवाडा राज्यातील लास व्हेगास येथील ‘स्ट्रीम इट’ या लहान कंपनीने हाती घेतले. ‘सायबरलँडर’ नावाची तिची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. वाहन चालत असताना हे सारे घर हौद्यात दडून राहते आणि मुक्कामाच्या ठिकाणी दुर्बिणीच्या नळीप्रमाणे वर उघडते, अशी ही कल्पना. स्वयंपाकघर, न्हाणीघर व बिछाने यांचा तिच्यात अंतर्भाव होता. किंमत ४९,९९५ डॉलर सांगण्यात आली. मूळ पिकअपची त्या वेळी जाहीर झालेली किमान किंमत ३९,९०० डॉलर होती. म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर महाग! तरीही पूर्वनोंदणी करणारे ग्राहक पुढे आले.

कोलोरॅडो राज्यातील ‘स्पेस कॅम्पर्स’ या दुसऱ्या छोट्या कंपनीने साधा मार्ग पत्करला. हौद्यावर एक उतरते टप असावे आणि मुक्कामी ते एका बाजूने पाचरीसारखे वर उचलले जावे, एवढीच तिची मांडणी.

वजन, वारा आणि वीज

दोन्ही कंपन्यांनी घर मिटण्याजोगे का केले, याचे कारण वाऱ्यात आहे. वाहनाचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरला जो वारा सहन होतो, तो १२० किलोमीटरला चौपट जोराने अडवू लागतो. केबिनच्या वर उंच खोली उभी असली, तर हा अडथळा आणखी वाढतो. डिझेलच्या वाहनात याचा अर्थ एवढाच, की इंधन अधिक जळते आणि पुढच्या पंपावर पुन्हा भरता येते. विजेच्या वाहनात मात्र पल्लाच आखडतो आणि पुढचे चार्जिंग केंद्र गाठता येईल की नाही, असा प्रश्न उभा राहतो. मागे मोठे फिरते घर ओढीत नेल्यास अशा पिकअपचा पल्ला साधारणपणे निम्म्यावर येतो, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे.

दुसरा प्रश्न वजनाचा. बॅटरीमुळे ही वाहने मुळातच जड असतात. सायबरट्रकचे स्वतःचे वजन सुमारे ३ टन आहे आणि तो साधारण ११३० किलो भार वाहू शकतो. हा आकडा मोठा वाटतो, परंतु त्यात माणसेही मोजावयाची असतात. चार माणसांचे २८० किलो, पाण्याचे १०० किलो आणि सामानाचे १०० किलो वजा केले, की घरासाठी जेमतेम ६५० किलो उरतात. भिंती, ओटा, बिछाने, टाक्या हे सर्व एवढ्यात बसवावे लागते.

तिसरी बाब विजेची, आणि येथे मात्र नव्या वाहनाचा मोठा लाभ आहे. सायबरट्रकच्या बॅटरीत सुमारे १२३ युनिट वीज साठते. शीतकपाट, दिवे, पंखा आणि विजेची शेगडी यांस दिवसाला ५ युनिट लागली, तर उभ्या वाहनावर एक कुटुंब तीन आठवडे राहू शकेल. जनरेटरचा आवाज नाही, धूर नाही. मात्र छतावरच्या सौर तावदानांवर वाहन धावेल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. ४०० वॅटची तावदाने चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे २ युनिट देतील, आणि तेवढ्यावर हे जड वाहन ८–९ किलोमीटरच जाईल. सूर्य घर चालवील, गाडी नव्हे. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्याच्या पायावर घर

परंतु या छोट्या कंपन्यांपुढील सर्वांत अवघड प्रश्न यंत्रशास्त्राचा नव्हता. तो वेळेचा होता. ज्या पिकअपवर घर बसवायचे, ती २०२१ च्या अखेरीस बाजारात येईल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पहिली वाहने ग्राहकांच्या हाती पडली ती ३० नोव्हेंबर २०२३ रोजी. प्रारंभी साडेसहा फूट सांगितलेला हौदा सहा फुटांचा झाला. किंमतही वाढली, दोन मोटारी बसविलेल्या नमुन्याची किंमत ७९,९९० डॉलर ठरली. कागदावर सहा इंच म्हणजे काहीच नव्हे. परंतु सहा फूट उंचीच्या माणसाच्या बिछान्याला, किंवा इंच-इंच मोजून बसविलेल्या ओट्याला, सहा इंच म्हणजे सर्वस्व होय.

मोठी कंपनी दोन वर्षांचा विलंब पचवू शकते. दहा-वीस माणसांच्या कारखान्यास मात्र त्या काळात पगार द्यावे लागतात, भाडे भरावे लागते आणि आगाऊ नोंदणी केलेल्या ग्राहकांना तोंड द्यावे लागते. काही वेळा तर मूळ वाहनच नाहीसे होते. ओहायो राज्यातील लॉर्डस्टाउन मोटर्स ही विजेवरील पिकअप बनविणारी कंपनी उत्पादन सुरू झाल्यावर अल्पकाळातच, जून २०२३ मध्ये, दिवाळखोरीत निघाली. एकाच वाहनावर विसंबून जोडधंदा उभारणाऱ्याने या उदाहरणाचा विचार अवश्य करावा.

यास्तव शहाणा कारागीर तीन पथ्ये पाळतो. घर असे करावे, की ते उतरवून दुसऱ्या वाहनावरही चढविता येईल. प्रत्यक्ष वाहन दारात उभे राहिल्यावाचून साचे कापू नयेत. आणि ग्राहकाचा आगाऊ पैसा वेगळा ठेवावा, कारण तो कमाई नसून ठेव आहे.

महाराष्ट्रापुरते

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी विद्युत वाहन धोरणही आणले. २०२५ मध्ये नवे विद्युत वाहन धोरण आले. फिरते घर आणि विजेचे वाहन या दोन्ही गोष्टी अशा रीतीने राज्याच्या कार्यक्रमात आहेत. त्या एकत्र येतील तेव्हा गावाच्या वेशीवर काय लागेल, याचा विचार ग्रामपंचायतींनी आधीच करणे हिताचे ठरेल.

अशा मोठ्या बॅटरीचे वाहन घरगुती १६ अँपिअरच्या जोडणीवर पूर्ण भरावयास सुमारे दीड दिवस लागेल. ६० किलोवॅटच्या केंद्रावर ते काम साधारण दोन तासांत होईल. म्हणजे प्रश्न केवळ जागेचा नाही. मंजूर वीजभार, योग्य अर्थिंग आणि गावच्या रोहित्राची क्षमता यांचाही आहे. वाहनातील सांडपाणी कोठे रिकामे करावयाचे, हे ठरविले नाही तर ते ओढ्यातच जाईल. पिण्याचे पाणी, कचरा आणि स्वच्छतागृह यांची व्यवस्थाही त्याच ओघाने येते.

वाहनांवर टप, हौदे व बॉडी बांधणारे कुशल कारागीर महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. त्यांनी हे काम जरूर करावे, परंतु कायदा जाणून करावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील आणि उत्पादकाचे मूळ विनिर्देश यांच्याशी विसंगत ठरणारा फेरफार वाहनात मनास येईल तसा करता येत नाही. वाहनांच्या चाचणीचे काम करणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे, ही सोयीची गोष्ट होय. आणि हे कौशल्य केवळ सहलीपुरते नाही. फिरता दवाखाना, फिरते वाचनालय, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी फिरती शाळा यांनाही हलके, मिटणारे आणि स्वतःची वीज बाळगणारे घरच लागते.

स्टाइनबेकची ‘रोसिनान्ते’ आज कॅलिफोर्नियातील सॅलिनस येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. तिच्या मागची खोली ठरविताना तिच्या मालकास पिकअप कोणती, हौदा किती लांबीचा, हे ठाऊक होते. नव्या काळातील छोट्या उद्योजकास ही निश्चिती नेहमी लाभत नाही. अशा उद्योजकाच्या अर्जावर सही करताना, त्याला जागा देताना किंवा कर्जाची शिफारस करताना, कल्पना किती आकर्षक आहे यासोबतच ती कोणाच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे, एवढे मात्र अवश्य विचारावे. त्या एका प्रश्नाने उद्योजकाचेही रक्षण होते आणि ज्यांनी त्याच्यावर विश्वासाने पैसे ठेवले, त्यांचेही.