सहा मिनिटं मागे



२ एप्रिल २०११ची रात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. वानखेडेवर भारत आणि श्रीलंका, विश्वचषकाचा अंतिम सामना, जिंकायला २७५ धावा. आमच्या घरी महिनाभरापूर्वीच रेकॉर्डर असलेला सेट-टॉप बॉक्स आला होता आणि त्याचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं. रात्री साडेदहाच्या सुमाराला मिरजेहून आत्याचा फोन आला. आत्याला क्रिकेटचं वावडं. परवाच्या पाडव्याला तुम्ही येणार का, आणि श्रीखंड घरी करायचं की विकत आणायचं, हे तिला त्याच क्षणी ठरवायचं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, मला म्हणाले, "थांबव रे ते." मी रिमोटचं बटण दाबलं आणि धोनी जागच्या जागी थांबला. बॅट अर्धवट उचललेली.

फोन सहा मिनिटं चालला. श्रीखंड घरीच करायचं ठरलं. पुन्हा बटण दाबलं, धोनी हलला, आम्ही सरसावून बसलो, आणि तेवढ्यात गल्लीत लवंगी माळ लागली. मग दुसरी. शेजारचे पाटीलकाका थाळी बडवत बाहेर आले. आमच्या पडद्यावर मात्र सामना चालूच होता, आणि समालोचक काळजीच्या सुरात बोलत होते. मुलगा गॅलरीत जाऊन आला, गुपचूप सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "जिंकलो आपण." पुढची सहा मिनिटं आम्ही तो सामना पाहिला खरा, षटकारही पाहिला. पण आप्पा जे म्हणाले तेच खरं. म्हणाले, "आपल्याला ही मॅच कालची झाली."

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी घरच्यांनी मलाच धारेवर धरलं. चालू असलेली मॅच थांबते कशी? मी त्यांना रहाटगाडगं आठवायला सांगितलं. एका बाजूने पोहरे भरत वर येतात, दुसऱ्या बाजूने रिकामे होतात, माळ फिरतच राहते. बॉक्समधल्या हार्ड डिस्कवर तसंच चालतं. आपण चॅनल लावला की येणारं चित्र, आकड्यांच्या रूपात, सतत डिस्कवर लिहिलं जातं. आपण थांबवतो ते फक्त वाचणं. लिहिणं चालूच असतं. सहा मिनिटांनी आपण वाचायला लागतो तेव्हा पोहरे सहा मिनिटं पुढे भरलेले असतात. मैदानावरचा धोनी कुणाच्या बापासाठी थांबला नव्हता.

याच्या आधीचं यंत्र म्हणजे व्हीसीआर. १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमाराला रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ घरोघर नाही तरी गल्लोगल्ली व्हीसीआर आले. त्यावर रेकॉर्ड करण्याची सोय होती. पण माझ्या पाहण्यात ती फार थोड्यांनी वापरली. आपल्याकडे तो भाड्याने आणायचा, एका रात्रीत तीन पिक्चर बघायचे आणि सकाळी लाल डोळ्यांनी परत करायचा. त्याच्या घड्याळात कायम बारा वाजलेले असायचे, कारण ते लावायचं कसं हे कुणालाच ठाऊक नसायचं. घड्याळच चुकीचं, तर ठरल्या वेळी रेकॉर्डिंग कुठलं होणार? त्यामुळे रविवारी साडेनऊला रामायण लागायचं तेव्हा आंघोळी साडेनऊच्या आत व्हायच्या. वेळ दिल्लीत ठरायची, बंब सांगलीत पेटायचा.

अमेरिकेत याच यंत्रावरून मोठं महाभारत झालं होतं. सोनी कंपनीच्या बेटामॅक्सवर लोक घरबसल्या चित्रपट रेकॉर्ड करतात म्हणून युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन चित्रपट कंपन्या कोर्टात गेल्या. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की कार्यक्रम आपल्या सोयीच्या वेळी पाहता यावा म्हणून घरी रेकॉर्ड करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. चाराच्या जागी पाच न्यायाधीश तिकडे असते तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं. त्या निकालाच्या पायावर १९९९ साली टिवो आणि रीप्ले टीव्ही हे दोन डिजिटल रेकॉर्डर बाजारात आले. रीप्ले टीव्हीने पुढे जाहिराती आपोआप गाळायची सोय दिली. वाहिन्यांनी पुन्हा खटला भरला, आणि निकाल लागायच्या आत कंपनीचंच दिवाळं वाजलं. टिवोवाले जास्त हुशार. त्यांनी जाहिरात गाळणारं बटण कित्येक वर्षं उघडपणे दिलंच नाही. २०१५ साली दिलं, आणि त्याबरोबर आणखी एक गंमत दिली : कार्यक्रम तीस टक्के जास्त वेगाने चालवायचा, पण माणसांचे आवाज चिरके होऊ द्यायचे नाहीत.

ती बातमी वाचून मला हसू आलं. कारण आमच्या आईने हा शोध चार वर्षं आधी लावला होता, आणि तोही आवाजाशिवाय.

आईची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे रात्रीची जेवणं साडेआठला. मालिका आठ ते दहा. म्हणजे कित्येक वर्षं तिने टीव्ही पाहिला तो स्वयंपाकघराच्या दारातून, हातात उलथनं घेऊन. कुकरची तिसरी शिट्टी आणि कथेतला गौप्यस्फोट हमखास एकाच वेळी. शेवटची पाच मिनिटं तिला दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना शेजारणीकडून कळायची. रेकॉर्डर आला आणि आईने दुपारी दोनची वेळ स्वतःची केली. जेवण झालेलं, आप्पा वामकुक्षीला, घरात कुणाची हाक नाही. जुना टीव्ही आणि नवा खोका, पण खुर्ची पहिल्यांदाच तिची.

दोन आठवड्यांत ती रिमोटवर पटाईत झाली. आधी जाहिराती पळवायला लागली. आपल्याकडे तासाला बारा मिनिटांच्या जाहिराती चालतात असा नियम आहे, म्हणजे अर्ध्या तासातली सहा मिनिटं तिथेच वाचली. मग सुरुवातीचं 'आतापर्यंत आपण पाहिलंत' पळवलं. मग कुणीतरी चमकून वळतं आणि कॅमेरा घरातल्या अकरा जणांच्या तोंडांवरून तीन-तीनदा फिरतो ते पळवलं. शेवटी शेवटी ती भाग चौपट वेगाने बघायची आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तरच साध्या वेगावर यायची. मी विचारलं, "आई, संवाद कळतात का?" म्हणाली, "संवादात काय असतं? तोंडावरून कळतं." अर्ध्या तासाचा भाग नऊ मिनिटांत. मालिकेचं संकलन करणाऱ्यांनी तिला नोकरी दिली असती तर मराठी मालिका निम्म्या लांबीच्या आणि दुप्पट चांगल्या झाल्या असत्या, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जाहिरातवाले यावर गप्प बसणार नव्हतेच. चित्र जरा आक्रसून त्याच्या डावीकडे आणि खाली जाहिरातीची पट्टी येऊ लागली. नायिका चहाचा पुडा नाव दिसेल असा धरू लागली. हे पळवायचं कसं? पळवलं तर कथाही पळते.

बॉक्सची नवी नवी अंगं येत गेली. एक चॅनल बघताना दुसरं रेकॉर्ड करणं, एकदा सांगितलं की मालिकेचे सगळे भाग आपोआप घेणं, कचेरीतून मोबाइलवरून रेकॉर्डिंग लावणं. यातलं तिसरं मी फक्त एकदा वापरलं. बॉक्सचा मुख्य स्विच आईने वीज वाचवायला बंद केला होता.

भांडणं मात्र नव्या जागेवरून सुरू झाली. पूर्वी रिमोटवरून व्हायची, आता डिस्कच्या जागेवरून. एचडी चित्राला तासाला साधारण साडेतीन-चार जीबी लागतात. पाचशे जीबीची डिस्क म्हणजे ऐकायला प्रचंड, पण सव्वाशे-दीडशे तासांत भरते. रोजच्या चार मालिका, मुलाचे सामने, आप्पांची कीर्तनं. माळ्यावर जसं सामान साठतं तसं साठलं. न पाहिलेलं पुसायला जीव होत नाही आणि पाहायला वेळ होत नाही. एकदा मुलाने जागेसाठी आजीचे बारा भाग पुसले. त्या आठवड्यात त्याला डब्याला रोज दोडका होता.

आता जरा वेगळं सांगतो. २०१२च्या आषाढीला दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आप्पांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम झाला. पंचवीस मिनिटं. आप्पा पखवाजावर. आम्ही तो रेकॉर्ड केला आणि यादीत सगळ्यात वर ठेवला. पुसायचा नाही अशी खूण करून. आप्पा २०१४ साली गेले. २०१६च्या उन्हाळ्यात बॉक्स बंद पडला. कंपनीचा मुलगा आला, चांगला होता, नवा बॉक्स लावून दिला. मी म्हटलं, "जुन्यातलं यात घालून दे." तो म्हणाला, "काका, ते नाही होत."

मी इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर. मला वाटलं, डिस्क तर शाबूत आहे. काढून संगणकाला जोडली. फिरली, दिसली, पण आत नुसता गोंधळ. कारण प्रक्षेपण कुलूपबंद होऊन येतं आणि डिस्कवर तसंच कुलूपबंद साठतं. किल्ली त्या एका बॉक्समध्ये असते. चोरून प्रती निघू नयेत म्हणून केलेली ती सोय. बॉक्स गेला, किल्ली गेली. आम्ही रेकॉर्ड केलं असं आम्ही म्हणत होतो, पण ठेव आमची आणि तिजोरी त्यांची होती. त्याउलट १९८९च्या गणपतीत कुणीतरी कॅमेऱ्यावर घेतलेली व्हीएचएस कॅसेट कपाटात आहे. तिला बुरशी लागली आहे, चित्रावर गुलाबी रेघा येतात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. पण पखवाज ऐकू येतो. ती डिस्क मी अजून टाकलेली नाही. कशासाठी ठेवली आहे ते विचारू नका.

आता तर डिस्कच घरातून चालली आहे. गेल्या सात दिवसांत लागलेलं काहीही मागे जाऊन बघा, रेकॉर्ड करायची गरज नाही, अशी सोय नव्या बॉक्सवर आली. बाकी सगळं अ‍ॅपवर. ज्या टिवोने हे सुरू केलं त्या कंपनीने २०२५ साली आपले रेकॉर्डर विकणंच थांबवलं. जागेचं भांडण मिटलं. पण आईला एक गोष्ट खटकते, आणि तिचं म्हणणं मला पटतं. बॉक्सवर जी यादी असायची ती आमच्या घराने केलेली होती. तिच्यात एक कीर्तन, एक सामना, चार मालिका अशी खिचडी होती, पण खिचडी आमची. आता पडद्यावर जी यादी येते ती कुणीतरी 'तुमच्यासाठी' केलेली असते. आई विचारते, "हा कोण माझ्यासाठी निवडणारा? मी त्याला कधी भेटले?" मागच्या महिन्यात एक जुनी मालिका ती रोज एक भाग अशी पुरवून पुरवून पाहत होती. एका दुपारी ती मालिकाच तिथून गायब. हक्काची मुदत संपली म्हणे. निदान डिस्कवरचं पुसणारा नातू घरातला होता, त्याला रागावता यायचं.

आणि घड्याळाचं? सहा मिनिटं मागे राहण्याचं दुःख आता सगळ्या गल्लीला वाटून आलं आहे. परवाच्या सामन्याला मी मुद्दाम गॅलरीत उभा राहिलो. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंच आहे, पण त्याचा उशीर फक्त पाव सेकंदाचा. बाकीचा वेळ जातो तो चित्र आवळून बारीक करण्यात आणि पुन्हा उलगडण्यात. मोबाइलवर तर ते तुकड्या-तुकड्यांनी साठवून मग दाखवतात. त्यामुळे कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात जुना ट्रान्झिस्टर आहे तिथून पहिली आरोळी आली. मग पाटीलकाकांच्या डिशवरून. मग समोरच्या इमारतीतून, तिथे इंटरनेटवर चालतं. सगळ्यात शेवटी, चांगल्या अर्ध्या मिनिटाने, खाली दुचाकीवर बसून मोबाइलवर बघणारी दोन पोरं ओरडली. एकच षटकार, पण आमच्या गल्लीत तो चार वेळा गेला. आतून आईने विचारलं, "किती सिक्स मारले रे त्याने?"