फोटो पेटीत ठेवावेत की भिंतीवर लावावेत?

(विहाराच्या वर्धापन दिनी पोखर्णी येथे केलेले भाषण)

 

कमिटीने मला पंधरा मिनिटे दिली आहेत. विषयही कमिटीनेच दिला आहे. विषय कसला, प्रश्नच दिला म्हणा ना. मी हौस म्हणून शेताशिवाराचे फोटो काढतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. काहींना मी येडाच वाटतो. वैशाखाच्या उन्हात भेगाळलेल्या काळ्या रानात उकिडवा बसून जमिनीचे फोटो काढणारा माणूस दुसरा काय वाटणार! छत्तीस फोटोंचा रोल होता तेव्हापासून हा नाद आहे. आता हातात मोबाईल आला, नाद तोच राहिला. तर कमिटीचे म्हणणे असे की, येत्या बुद्ध पौर्णिमेला हे फोटो विहाराच्या हॉलमध्ये लावून त्यांचे प्रदर्शन भरवावे. मी लगेच हो म्हणालो नाही. का म्हणालो नाही आणि शेवटी काय ठरले, तेवढेच आज सांगणार आहे.

पहिली अडचण लाजेची. आपण काही फोटोग्राफर नाही, कुठे शिकलो नाही, लोक काय म्हणतील? यावर मी फार वेळ घालवत नाही. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख हे आठ लोकधर्म आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. निंदेला भिऊन फोटो झाकून ठेवणे आणि प्रशंसेसाठी ते टांगणे, दोन्हीचे मूळ एकच. म्हणून लाज हे कारण मी बाजूला काढले. भगवंतांनी अभय राजकुमाराला बोलण्याविषयी जी कसोटी सांगितली ती मला जास्त उपयोगाची वाटली. बोलणे खरे आहे का, हिताचे आहे का, आणि त्याची वेळ झाली आहे का? मी म्हटले, फोटोही एक प्रकारे बोलतोच. मग त्यालाही हेच तीन प्रश्न विचारू.

खरे आहे का, हा प्रश्न सोपा वाटतो, पण तसा तो नाही. आपल्या गावाला बाहेरून कॅमेरा घेऊन येणारा माणूस नृसिंहाच्या मंदिराचा फोटो काढतो, रेल्वेच्या स्टेशनवर 'पोखर्णी नरसिंह' लिहिलेल्या पाटीचा काढतो आणि जातो. त्याचे काही चुकत नाही, मंदिर जुने आहे, प्रसिद्ध आहे. २०१० साली 'महाराष्ट्र देशा' हे उद्धव ठाकरे यांच्या फोटोंचे पुस्तक निघाले. तेही हौशी फोटोग्राफरच. गडकिल्ले त्यांनी आकाशातून टिपलेले आहेत. फोटो देखणे आहेत. पण हेलिकॉप्टरमधून दिसणारी जमीन वेगळी आणि बांधावरून दिसणारी वेगळी. वरून बघितले की रान सगळे एकसारखे हिरवे दिसते. त्यातले कोणते कुणाचे आणि कोण त्यात नुसते मजुरीला जाते, हे वरून कसे कळणार?

दौलताबादच्या किल्ल्याचेच बघा. वेरूळला जाणारे सगळे तिथे थांबून फोटो काढतात. १९३४ साली बाबासाहेब आपल्या कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ही मंडळी या किल्ल्यावर थांबली, प्रवासाची धूळ धुवायला दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून त्यांच्यावर लोक धावून आले. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर किल्ला पाहू दिला, आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ही गोष्ट माहीत असलेला आपला माणूस त्या किल्ल्याचा फोटो काढील तर त्याची नजर आधी बुरुजाकडे जाईल की हौदाकडे?

माझ्याकडे एका जुन्या आडाचा फोटो आहे. सकाळचे कोवळे ऊन आहे, दगडावर दोरांच्या घासण्याने पडलेल्या खाचा आहेत. मला तो फक्त छान उजेडाचा फोटो वाटत होता. आपल्यातल्याच एका म्हाताऱ्या आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या खाचा आमच्या दोराच्या न्हाईत बाबा. आमी हितं खाली बसून वाट बघायचो. कुनी वरून वतलं तर पानी." त्या दिवसापासून तो फोटो माझ्यासाठी बदलला. फोटो मी काढला, पण त्यात काय आहे हे तिने सांगितले. ती सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. म्हणून वेळ झाली आहे का, या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळाले. आणखी दहा वर्षांनी हे फोटो लावले तर आडाकडे बघून बोलणारे कोण असेल?

१९७२ च्या दुष्काळाचे तेच. आपल्या घराघरातल्या आयाबायांनी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. त्याचा एक तरी फोटो वस्तीत कुणाकडे आहे का? मी पुष्कळ घरांत विचारले. लग्नाचे फोटो आहेत, दीक्षाभूमीवर काढलेले आहेत. त्या उघड्या पडलेल्या रानाचा एकही नाही. कॅमेरा कुणाकडे होता तेव्हा! त्यानंतर १९७६ साली जायकवाडीचे धरण झाले, डाव्या कालव्याचे पाणी जिल्ह्यात आले आणि शिवाराचे रूप बदलत गेले. खरिपाची ज्वारी मागे पडली, सोयाबीन आले. माझ्या जुन्या रोलमधल्या रानात जे उभे आहे ते आज पोरांना दाखवून सांगावे लागते.

न दाखवलेल्या फोटोंचे काय होते याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. शिकागो शहरात व्हिव्हियन मायर नावाची बाई लोकांची मुले सांभाळण्याचे काम करायची. आयुष्यभरात तिने लाखाच्या वर फोटो काढले आणि ते कुणाला दाखवले नाहीत. भाडे थकले म्हणून २००७ साली तिच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा ते परक्यांच्या हाती गेले. ती २००९ साली वारली. आज जगभर तिची प्रदर्शने भरतात. पण कोणता फोटो लावावा, कोणता लावू नये, हे तिला कुणी विचारू शकत नाही. लोक तिच्या प्रसिद्धीचे कौतुक करतात, मला मात्र हीच गोष्ट खटकते. आपण हयात असताना ठरवावे.

याच्या उलट नामदेवराव व्हटकर. डिसेंबर १९५६ मध्ये मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशाने तिचे चित्रीकरण केले. तो जनसागर आज आपण पडद्यावर पाहतो तो त्यांच्यामुळे. ते चित्रण एखाद्या कपाटातच राहिले असते तर?

एवढे झाल्यावर मी लावायचे ठरवले. पण दुसरा प्रश्न राहिलाच होता, हिताचे आहे का? इथे मात्र गाडी अडली.

माझ्या फोटोंत सगळ्यांना आवडणारा एक फोटो आहे. गाव मी सांगत नाही. माघ महिना, दिवस नुकताच उगवला आहे, शाळूची कणसे दाण्याने भरली आहेत, आणि मागे एकच बाभळ. कमिटीतले सगळे म्हणाले, हाच दारासमोर लावायचा. आता ते रान गायरान आहे. आपल्याच एका कुटुंबाची तिसरी पिढी ते कसते. सातबारा नावावर नाही.

गायरानाचा इतिहास आपल्याला नवीन नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे १९९१ साली सरकारने निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर असलेली भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करावीत. ज्यांच्याकडे कागद होते, दंडाच्या पावत्या होत्या, त्यांतल्या काहींचे झाले. पुष्कळांचे राहिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्यात भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे, पण तो अपवाद सिद्ध कुणी करायचा? ज्याच्याकडे कागद नाही त्यानेच. २०२२ साली उच्च न्यायालयाने पुन्हा दखल घेतली आणि नोटिसांचे वारे सुटले.

मी तो फोटो घेऊन त्या घरी गेलो. आई म्हणाली, "लाव की बाबा. आमी कसतो हे लोकांना दिसू दे. चोरी थोडीच केली?" मुलगा म्हणाला, "मामा, नका लावू. गावात आधीच डोळ्यावर आहोत. कुणी मोबाईलवर फोटो काढून अर्ज केला तर?" दोघांचेही खरे होते. आईला वाटते की दिसले तर हक्क राहील, मुलाला वाटते की दिसले तर जमीन जाईल. मी काय सांगणार? त्या रानातून माझी भाकरी येत नाही. अदिन्नादाना वेरमणी आपण रोज म्हणतो, न दिलेले घेऊ नये. फोटो काढताना मी त्यांना विचारले होते, त्यांनी आनंदाने हो म्हटले होते. पण काढायला दिलेली परवानगी म्हणजे भिंतीवर लावायला दिलेली परवानगी नव्हे. हा फरक शहरातल्या मोठ्या प्रदर्शनांत कितपत पाळतात कोण जाणे.

ठरले ते असे. तो फोटो लावायचा नाही. त्याची मोठी प्रत करून मागे तारीख लिहून ती त्या घरी दिली. आईने ती दंडाच्या पावत्यांसोबत ट्रंकेत ठेवली आहे. नुसत्या फोटोने हक्क मिळत नाही हे मी त्यांना स्पष्ट सांगितले; पंचनामा, पावती, पीकपाहणीची नोंद हेच खरे पुरावे. पण त्यांच्या जोडीला तारखेचा फोटो असलेला बरा. बाकीच्या फोटोंतही कुठे गायरान असेल तर त्याखाली गावाचे नाव किंवा गट नंबर घालायचा नाही.

आता प्रदर्शन कुठे, यावरही बोलणे झाले. एक पाहुणे म्हणाले, मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत अर्ज करा. १९५२ पासूनची ती नामांकित जागा आहे, नंबर लागायला वाट पाहावी लागते. लागला तर मला आनंदच होईल, खोटे कशाला बोलू. पण आधी इथे. ज्या बांधावर फोटो काढला त्या बांधावरच्या माणसाने तो मुंबईकरांच्या नंतर का पाहावा? शिवाय इथे चुकीचे नाव लिहिले तर जागच्या जागी दुरुस्त करणारे लोक आहेत. पळसाच्या एका फोटोखाली मी जे शिवार लिहिले होते ते खरे की शेजारचे, यावर कमिटीच्या बैठकीत अर्धा तास भांडण झाले. जहांगीरमध्ये कोण भांडणार?

एक काम मात्र सगळ्यांनी करायचे आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारने १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला नेमले होते. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. पण त्याने कॅमेऱ्याने काढलेले अजिंठा-वेरूळचे चौऱ्याहत्तर फोटो १८६४ साली पुस्तकात आले होते. ते पुस्तकाच्या प्रतींबरोबर ठिकठिकाणी गेले, म्हणून राहिले. माझ्या जुन्या निगेटिव्हना बुरशी लागायला सुरुवात झाली आहे. वस्तीतल्या मुलांनी त्या स्कॅन करून द्याव्यात, आणि एक संच विहाराच्या कपाटात राहावा, अशी विनंती आहे.

बुद्ध पौर्णिमेला वंदनेनंतर हॉल उघडेल. चाळीस फोटो लावायचे ठरले आहे. प्रत्येकाखाली कोरा कागद चिकटवलेला असेल आणि दोऱ्याला पेन बांधलेला असेल. ज्यांना लिहिता येत नाही त्या आजीजवळ नातवाने बसावे आणि ती सांगेल तसे, तिच्याच बोलीत लिहावे. आडाच्या फोटोखालचा कागद मी थोडा मोठा ठेवायला सांगितला आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.